कंट्रोलरला भंडारा

ऋतुजा : घोंगडं बी बाहेरच ठेवा, आप्पा. आन चपलांवर ही पिशवी चढवा.

आप्पा : घोंगड्यानं काय घोडं मारलंय तुजं? आत थंडी हाय म्हनालीस न्हवं?

ऋतुजा : लोकर उडती त्याची. आतल्या मशीनला धूळ चालत न्हाय. नारळ न्हाय, उदबत्ती न्हाय, स्टँडवरच सांगितलं की तुमाला.

आप्पा : तुज्या आयनं दिलेला नारळ वाचमनला दिऊन टाकला. आता काय धोतर सोडू?

गुरुराज : या आप्पा, या. धोतर राहू द्या. मी गुरुराज. ह्या हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात आहेत, आणि हा आजचा घाट तुमच्या मुलीनं माझ्या गळ्यात बांधलाय.

आप्पा : रामराम सायेब. सांगोल्यास्नं यष्टीनं आलोय. पोरगी काय करती म्हनून गावात इचारत्यात, आन मला काय सांगताच येत न्हाय. म्हनलं एकदा डोळ्यानं बगावं.

ऋतुजा : मग बघा. वर कुणाचं डोकं फुटू दे, हात मोडू दे, जो फोटो निघतो त्यो हितं साठतो. एक्सरे, सीटी, समदे. डॉक्टरनं मागितला की हितनं वर जातो. ह्या दोन पेट्या हायत न्हवं, ह्यांना कंट्रोलर म्हणतात. कुठला फोटो कुठल्या डिस्कवर हाय ते ह्यांनाच ठाऊक.

आप्पा : म्हंजी मेंढकं म्हन की.

ऋतुजा : व्हय, मेंढकं. आता कळप वाढला आन दोघं पुरंनात. वर डॉक्टर फोटोची वाट बघत बसत्यात.

गुरुराज : पुण्याची एक कंपनी म्हणते, ह्या दोन्ही काढून टाका आणि एकच मोठं मशीन घ्या. ट्रस्टींनाही तेच पटलं होतं. ही मधे उभी राहिली. म्हणाली, काढायचं काही नाही, शेजारी आणखी दोन जोडू.

आप्पा : मोटंच चांगलं की मग. दांडगा गडी एकटा धा जनाला भारी.

ऋतुजा : आन त्योच तापानं पडला तर?

आप्पा : ते बी हाय म्हना.

ऋतुजा : चौघं झाले तरी त्यांचं एकमेकांशी बोलणं झालं पाहिजे. त्यासाठी ह्या वायरी. आत तार न्हाय, काच हाय, केसासारखी. तिच्यातनं उजेड पळतो. तुमी माळावर शीळ घालायचा आन पलीकडनं बिरुदेवदादा उलटी शीळ घालायचा, तसंच हे. फक्त इतकं झपाट्यानं, की कुठल्या पेटीनं फोटो दिला ते वर कळत बी न्हाय. प्रत्येकाला दोन वायरी. एक तुटली तर दुसरी.

गुरुराज : उद्या ट्रस्टींसमोर हेच दाखवायचंय. चालू कामात एक वायर ओढायची. ऋतुजा, वर ओपीडी भरलीय, सीटी चालू आहे. आज चित्र एकदा जरी अडकलं, तर मी पुण्याच्या बाजूनं बोलणार. आधीच सांगून ठेवतो, नंतर तोंड पाडून बसू नकोस.

ऋतुजा : नाही अडकणार, सर. तिसरा सकाळीच आत घेतला. कुणाला पत्ता तरी लागला का? चौथ्याची एक वायर लागलीय, दुसरी आता लावते.

गुरुराज : मी सीटीच्या कुमारला सावध करून येतो. आप्पा, कशाला हात लावायचा नाही हं.

आप्पा : हात पाटीमागं बांदल्यात, सायेब.

ऋतुजा : आप्पा, जरा बाजूला व्हा. ही वायर खालनं वर घ्यायचीय.

आप्पा : तुजा दादा, बिरुदेव, पैल्यांदा एकटा कळप घिऊन निगाला, ती सकाळ ध्यानात हाय का गं?

ऋतुजा : हाय की. तुमी त्याच्या कपाळाला भंडारा लावला, हातात काठी दिली. आयनं वाटी धरली व्हती. मी दारात उभी व्हते.

आप्पा : तू लहान व्हतीस तवा.

ऋतुजा : ह्या नोकरीवर निघाले तवा लहान न्हवते. तवा बी वाट बघितली मी. तुमी म्हणाला, चल, यष्टी चुकंल.

आप्पा : चुकलीच असती.

ऋतुजा : असू दे आता. हे टोक उघडं हाय, तेवढं टोपण काढून ठेवलंय, त्याला धक्का नका लावू. मी खाली वाकते.

आप्पा : बिरोबा, लेकीच्या कामाला जप रं बाबा. चांगभलं.

ऋतुजा : काय म्हणालात?

आप्पा : काय न्हाय. लाव की तुजी वायर.

ऋतुजा : लागली. हिरवा दिवा... दोन्ही हिरवे. सर! चौथा आत आला.

गुरुराज : आला? अरे, मी येईपर्यंत स्क्रीनवरची ही रेघ बघ की कशी खाली उतरली. वरची सगळी तुंबलेली मागणी निघाली.

ऋतुजा : चौघांनी ओझं वाटून घेतलं, सर.

आप्पा : लई ग्वाड चमकतंय. अगदी दिवाळी.

गुरुराज : चमकू द्या, चमकू द्या... ऋतुजा, हे लाल काय?

ऋतुजा : चौथ्याची दुसरी वायर. चुका येतायत तिच्यावर. वाढतायत. सर, गेली ती लिंक.

गुरुराज : गेली म्हणजे? अय्यय्यो, वर अपघाताचा पेशंट आहे, डॉक्टर महानंदा त्याच्या डोक्याचा सीटी बघतायत! हॅलो, कुमार? चित्र अडकलं का? तुला काय वाटतं ते नको, मॅडमना विचार. हां. काय? पुन्हा सांग.

ऋतुजा : सर?

गुरुराज : मॅडम म्हणतात, मधेमधे बोलू नका, मी बघतेय.

ऋतुजा : म्हणजे चालू आहे.

गुरुराज : चालू आहे. आज पहिल्यांदाच झरझर येतंय म्हणे.

ऋतुजा : सगळं पहिल्या वायरीवर गेलं, सर. बघा, हिच्यावरचं सगळं तिनं घेतलं. पण नवी कोरी वायर, ही बंद पडली कशी? ओढून बघते. टोकाला पिवळं काहीतरी आहे.

गुरुराज : पिवळं? पाकिटातून तर आत्ता काढली.

ऋतुजा : हळद आहे ही. आप्पा...

आप्पा : चिमूटभरच व्हता. कमरंच्या पिशवीत असतोय माज्या. तू नारळ म्हनालीस, उदबत्ती म्हनालीस. भंडाऱ्याचं नाव काडलं न्हाईस.

गुरुराज : अहो, ह्या खोलीत मी झाडूसुद्धा मारू देत नाही, आणि तुम्ही हळद उधळता?

ऋतुजा : सर, टोपण मी काढलं होतं आणि पाठही मीच फिरवली. चूक माझी आहे. ट्रस्टींना माझंच नाव सांगा.

आप्पा : न्हाय सायेब. हात माजा व्हता. मला वाटलं, पोरगी एवड्या मोट्या कामाला हात घालती, आन देवाचं काईच न्हाय. तिच्या कामात मीच माती कालवली. तिला बोल लावू नगा, पाया पडतो.

गुरुराज : अहो, पाया काय पडता, उठा. थांबा जरा दोघंही. ऋतुजा, आधी ते टोक साफ कर.

ऋतुजा : करतेय. दोन्ही बाजू पुसल्या. लावते... हिरवा. चुका नाहीत. दुसरी वायर परत कामाला लागली.

गुरुराज : उद्या आपण काय करणार होतो?

ऋतुजा : सगळे तयारीत असताना एक वायर ओढणार होतो.

गुरुराज : हो. आणि आज कुणी तयारीत नव्हतं. मी तर नव्हतोच. ओपीडी भरलेली, वर माणसाच्या डोक्याचा सीटी, आणि वायर मधेच बंद पडली. तरी महानंदा मॅडम म्हणतात, मधेमधे बोलू नका. आता मी आणखी काय बघायचं राहिलंय? पुण्याला नको म्हणून कळवतो मी. ट्रस्टींना जे झालं ते सगळं सांगतो, भंडाऱ्यासकट.

आप्पा : म्हंजी पोरीचं काम टिकलं म्हना की.

गुरुराज : टिकलं? आप्पा, तुमच्या पोरीचं काम तुम्हालासुद्धा पुरून उरलं. आमच्या सोलापुरात हे झालं, ह्याचा मला केवढा आनंद झालाय ते उद्या सांगेन. आता बाहेर व्हा दोघं. आणि ती पिशवी माझ्यासमोर उघडू नका.

(खोलीबाहेरचा पॅसेज. आप्पांनी घोंगडं परत खांद्यावर घेतलंय.)

आप्पा : रागावलीस?

ऋतुजा : रागावले की.

आप्पा : पन त्या मानसाचं डोकं दिसत ऱ्हायलं.

ऋतुजा : दिसत राहिलं.

आप्पा : आता गावात कुनी इचारू दे. सांगतो, माजी लेक मेंढक्यांचा मेळ घालती. एकाची शीळ मधीच बंद पडली तरी कळप जागचा हालू नये, असं बांदलंय तिनं. म्या स्वता मोडून बगितलंय म्हनतो.

ऋतुजा : ते मोडल्याचं नका सांगू.

आप्पा : तेच पैलं सांगनार. लई अभिमान वाटला बग मला. यष्टी चुकंल म्हनलो तवा बी वाटला व्हता. तोंडातनं निगाला न्हाय.

ऋतुजा : मग आज तरी भंडारा मशीनला कशापायी लावत बसला?

आप्पा : मशीन इचारत न्हाय की, इतकी वर्सं का लावला न्हाईस म्हनून.

ऋतुजा : मी बी न्हाय इचारत. लावा.

आप्पा : हितं? धूळ चालती हितं?

ऋतुजा : हितं चालती.

आप्पा : जरा खाली वाक. उंच झालीस. हं... बिरोबाच्या नावानं चांगभलं. लई दिसतोय का गं? मानसं येत्यात-जात्यात. पुसशील मागनं?

ऋतुजा : आत जाताना पुसावाच लागंल, आप्पा. म्हणून तर अजून थोडा वेळ जात न्हाय आत.