बोकडाच्या पायातलं घड्याळ

परवा जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात काय झालं ते ऐका. दादाला जाऊन महिनाही झाला नाही. त्याचं स्मार्टवॉच माझ्या मनगटावर अन् त्याचा फोन माझ्या खिशात असतो. मी बोकड विकायला नेला, तर सगळे घड्याळच बघत बसले.

"ह्यात काळजाचे ठोके दिसतात म्हणे?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"बोकडाचेबी दावतो," म्हणत मी पट्टा बोकडाच्या पायाला बांधला. आकडा उमटला अन् एकच गलका झाला. गिऱ्हाइकानं दात न बघताच सौदा केला. त्याचा टेम्पो निघून गेल्यावर माझं मनगट मला रिकामं दिसलं.

मित्राच्या गाडीवर बसून टेम्पो गाठला. आत सगळेच बोकड काळे. मी माझ्या फोनवरून दादाचा नंबर लावला. खिशात त्याचा फोन वाजला, अन् आत एका पायावर घड्याळ उजळलं.

गिऱ्हाईक वाकून बघू लागलं. "ह्याच्यावर 'गाढव' काहून लिहून येऊन राहिलं?"

"दादानं माझा नंबर त्याच नावानं ठेवलाय," मी म्हणालो. "घड्याळ एवढ्यात काढू नका. जरा वाजू द्या."