टचडाऊननंतरचं सोंग

तुम्ही त्या खेळाडूला नावं ठेवताय म्हणून सांगतो, एकदा मीही ठेवली होती. मी तेव्हा एच-वन व्हिसावर अमेरिकेत चँडलरला होतो. रविवारी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघायला देशपांडे काकांकडे जायचो. काका लहान मुलांचे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले.

एका रविवारची गोष्ट. आदल्या आठवड्यात एका खेळाडूनं टचडाऊन केला, म्हणजे बॉल पार शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले, आणि बॉल डोक्याखाली घेऊन मैदानातच झोपेचं सोंग केलं. लीगनं या नाटकाबद्दल त्याला दंड ठोकला. मग त्यानं तेवढीच रक्कम मुलांच्या हॉस्पिटलला दिली, तीही टेबलाएवढा चेक कॅमेऱ्यांसमोर धरून. टीव्हीवर तेच चाललं होतं.

मी म्हटलं, "काका, ही नुसती पब्लिसिटी आहे. द्यायचं तर गुपचूप द्यावं."

काका म्हणाले, "आमच्या वॉर्डला मशीन लागायचं, तेव्हा देणारा का देतोय हे मी कधी विचारलं नाही."

"पण म्हणून एवढा तमाशा करायचा?"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "मंडळाच्या गणपतीत देणगीदारांची नावं वाचताना सेक्रेटरीनं तुझं गाळलं, तेव्हा आरती थांबवून परत वाचायला लावलंस ना रे?"

"काकू, मंडळात सगळ्यांचीच नावं वाचतात."

"वाचतात की," काकू माझ्यासमोर कप ठेवत शांतपणे म्हणाल्या. "पण त्यानं निदान टचडाऊन तरी केला होता."