गोप्याच्या गंजक्या कड्या

हसायचं असेल तर हसा, पण त्या गोप्यावर माझा जळफळाट झाला होता. मी लोहार, माझा बाप लोहार. गोप्या डोळखांबला हार्डवेअर विकतो. त्याने आयुष्यात हातोडा धरलेला नाही.

तिथल्या फार्महाऊसवाल्या बाईंना दाराला जुन्या काळची कडी हवी होती. गोप्याने दुकानातली चकचकीत कडी संडास धुवायच्या ॲसिडमध्ये बुडवून वरचा मुलामा उतरवला. मग मिठाच्या पाण्यात ठेवून गंज चढवला. मी माझ्या घरची कडी काढून नेली. बापाने घडवलेली.

बाईंनी दोन्ही पाहिल्या. "काका, तुमची नवी वाटते."

"साठ वर्षांची हाय."

"मग गंज कसा नाही?"

"दर दसऱ्याला तेल लावतो."

गोप्या म्हणाला, "बाबा, तितंच तुमी चुकलात."

बाई हसल्या. कडी त्याचीच बसली.

मी घरी आलो आणि बापाची कडी मिठाच्या पाण्यात घालून मागच्या दारी ठेवली. चार दिवसांनी बघतो तर बादली पालथी, आणि बायको राखेने कडी घासत बसलेली.

"मामंजींच्या हातची कडी! मिठाच्या पाण्यात टाकली कुनी?"

मी म्हणालो, "गोप्यानं टाकली असंल."

तेव्हापासून ती गोप्याच्या दुकानातून साधा खिळाही आणू देत नाही. मीही तिला काही सांगितलेलं नाही.