बाकडं मोडलं, माणूस नाही

...अहो बाकडं मोडलं हो, माणूस नाही! किती जणांना सांगू? सकाळपासून घसा बसला, पण ऐकतंय कोण? तुम्ही तरी बसून घ्या... नाही, बसणार कशावर म्हणा, उभेच राहा!

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ आमच्या जावईबापूंचा. कॉलेजात शिकवतात, म्हणजे घरीही शिकवतात. परवा जेवताना म्हणाले, "बाबा, बँकरप्ट हा शब्द कुठून आला ठाऊक आहे?" म्हटलं, "मेहुण्याला जामीन राहण्यातून!" तर नाही म्हणे. पूर्वी इटलीत सराफ बाजारात बाकडं टाकून पैसे बदलून द्यायचे, अन् एखादा बुडाला की त्याचं बाकडंच मोडायचे, असं सांगतात. 'बांका रोत्ता', मोडकं बाकडं! त्याचंच फिरत फिरत इंग्रजीत बँकरप्ट. दिवाळखोर!

आता एवढी खमंग गोष्ट पोटात राहील का? माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, दारात लांब बाकडं, त्यावर गल्लीतले सगळे रिकामटेकडे. सांगितली! पण जावयाची गोष्ट म्हणजे उकडलेला बटाटा हो... मी जरा तिखटमीठ लावलं. म्हटलं, "बाकडं मोडलं की लोक धावायचे! आधी पोचेल त्याची वस्तू सुटली, मागून येईल त्याच्या हाती बाकड्याची ढलपी!" अन् कुऱ्हाड कशी घालायचे ते दाखवायला हात उगारून "खाड्!" म्हणालो... तर खरंच खाड्! शिंपी, न्हावी, किराणावाला, तिघेही जमिनीवर अन् बाकड्याचे दोन तुकडे!

मी पोट धरून हसतोय, हे हसेनात! शिंपी धोतराबितराची धूळ झटकत हळूच म्हणतो, "काका, माझं घड्याळ... झालं नसलं तरी चालेल, द्या." अहो, दुरुस्त होऊन कित्येक वर्षं धूळ खात पडलंय ते! निरोप धाडून थकलो, तर "बघू, बघू"! म्हटलं, "अरे, बाकडं मोडलंय, माणूस नाही!" तर न्हावी त्याच्या कानात, "तो इटलीवालाही असंच म्हणाला असेल!"

झालं! दुपारी दारात ही रांग! कोपऱ्यावरच्या मावशी पदर खोचून, "भाऊ, सख्खा भाऊ मानलं तुम्हाला, आता हातात ढलपी देऊ नका!" म्हणजे ढलपीही पोचली गल्लीच्या टोकाला! मी ओरडतोय, "अहो, ढलपी माझ्या पदरची, इटलीची नव्हे!" पण थाप मारली तेव्हा सगळ्यांनी कान टवकारले, अन् खरं बोलतोय तर म्हणतात, "बिचारा! डोक्यावर परिणाम झाला." जन्मभराची पत एका ढलपीपायी गेली!

जावईबापूंना बोलावलं, म्हटलं, "तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतील." त्यांनी चष्मा पुसला अन् म्हणाले, "तसं पाहिलं तर बँक हा शब्दही मुळात बाकड्यावरूनच..." संपलं! अर्धी रांग पिशव्या उचलून बँकेकडे पळाली!

आमची ही मात्र खूश. "बरं झालं मोडलं! अडकलेली मजुरी एकदाची हाती आली. दरवर्षी एक मोडत जा!" तिला काय जातंय? या भिंती बघा, उघड्याबोडक्या. टिकटिक नाही, टोले नाहीत. ते भलंमोठं घड्याळ, ज्याच्याखाली बसून मी रुबाब करायचो... तेही शिंप्याच्या सासऱ्याचं निघालं, नेलं!

बाकडं मोडलं हो, माणूस... जाऊ द्या. तुमच्या मनगटावर किती वाजलेत तेवढं सांगा. दुकान बंद करायची वेळ झाली का, हेही आता या घड्याळवाल्याला रस्त्यावरच्या माणसाला विचारावं लागतंय!