बारा हजारांवरचा सूर

हॅलो? … हां, बोल ठमे. बसमध्येच आहेस ना अजून? केवढी खडखड येतेय.

… ऐकलंस गाणं? … मग पाठवू नाचवाल्या मॅडमना? संध्याकाळी प्रयोग आहे, दोनदा फोन येऊन गेला त्यांचा.

… काय कमी करू? … हॅट्स? ती झांजेची चिकचिक? अगं, ती तर मला दबल्यासारखी वाटत होती. म्हणून वाढवली.

… टोचतेय म्हणजे? तुझे प्रवासातले हेडफोन टोचत असतील.

… हो, हो… अगं ऐक ना. मी काय आज करतेय का हे? ढोलाची किक पडली की बेस क्षणभर खाली बसतो, साइडचेन नीट लावलाय. मागे लांबत राहणाऱ्या पॅडच्या सुरांचा खालचा सगळा गाळ कापलाय, म्हणून तर किक अशी मोकळी येते. दोन्ही स्पीकर एक करून, मोनोतही बघितलं, काही गायब होत नाही. … हो, आवाज बारीक ठेवूनही ऐकलं. बाहेरच्या खोलीत जाऊन, दार लोटून ऐकलं. आता काय, डोक्यावर उभी राहून ऐकू?

… नाही गं, कान दमलेले नव्हते. सकाळी उठल्या उठल्या ऐकलंय. … हो, दुसऱ्यांची गाणी शेजारी लावून ताडूनही पाहिलं. तीही मंदच वाटली मला. हल्ली सगळेच मंद करतात.

… ग्राफ? थांब, बघते. … हं. दहा-बारा हजार हर्ट्झवर डोंगर आहे खरा. पण ठमे, ग्राफ बघून मिक्स करणारे आपल्याला माहीत आहेत…

… बरं, बरं. लावते. तुझ्या समाधानासाठी. नुसता एक सूर, बारा हजारांवर. … लावला. … नाही, नाही येत काही. वाढवते. … नाही. वायर निघाली की काय. थांब, मीटर तर हलतोय.

… एक मिनिट हं, तुझे भावोजी आलेत. गालाला साबण तसाच. … काय हो? … कसली शिट्टी?

…

… हॅलो. हो, आहे. बंद केला. म्हणतात, कानात सुई घातल्यासारखं होतंय. बाथरूममध्ये होते, नळ चालू ठेवून. आणि मी इथे स्पीकरसमोर बसलेय.

… तुला नवल नाही वाटलं. … वाटलं असतं तर ओरडली असतीस तू. कधीपासून माहितेय?

… मागची तिन्ही गाणी? … म्हणजे फाइल तुझ्याकडे आली की तू हॅट्स कमी करून पुढे पाठवायचीस. मला न सांगता. आणि लोक म्हणायचे, वरचा आवाज किती मऊ ठेवलाय तुम्ही, की मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. आज लॅपटॉप घरी राहिला म्हणून तोंड उघडलंस. नाही तर?

… रडू नकोस बसमध्ये, लोक बघतील. … आलाय राग. येणारच. … वाईट वाटेल म्हणून? मग आता काय साखर वाटू?

… भीती वाटतेय गं मला. हे सोडून दुसरं काय येतं मला?

… हो. कानाच्या डॉक्टरांना आजच फोन करते. मीच करते, तू मध्ये पडू नकोस.

… ते राहू दे. आता सांग, किती खाली घेऊ? … तीन डेसिबल. … हॅट्स पूर्ण नाही, नुसता तो डोंगर? बरोबर. तेवढाच पट्टा धरून कापते. … झालं. मला काडीचा फरक कळत नाहीये. पाठवलं तुला, ऐक.

…

… बरं आहे? नक्की? माझं मन राखायला म्हणू नकोस. … अगं, हॉलमध्ये माणसं बसणार आहेत, मोठे स्पीकर लागणार आहेत. खरं सांग.

… अजून टोचतंय? … हां. असं सांग. … आणखी दोन? घेतले. ऐक.

…

… आता ठीक. … बरं. … पाठवलं त्यांना.

… नाही, मी परत नाही ऐकलं. तू ऐकलंस ना. ठेवते.