आधी बोल, मग बघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या गावातल्या प्रत्येक स्पर्धेचे पंच. त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्या, ज्यांचा नेम आपण हल्ली फक्त वर्तमानपत्रात बघतो. जिच्यासाठी तो हार टेबलावर ताटकळत पडलाय ती आमची भिंगताई. आणि समोर बसलेले, मागे उभे राहिलेले, दाराशी चपला शोधायला लागलेले सर्व मान्यवर, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझं नाव पत्रिकेवर अगदी नीट छापलंय. पण त्या नावानं हाक मारलीत तर मी वळून बघेनच असं नाही. मला सगळे भिरभिरं म्हणतात. हे बारसं ताईनंच केलं. मला पाच मिनिटं दिलीत, आणि सूत्रसंचालकांनी घड्याळ माझ्याकडे वळवून ठेवलंय, तेही मला दिसतंय. भाषण लिहून आणलंय, कारण न लिहिता बोलले तर कुठे जाऊन पोहोचेन याचा भरवसा नाही. लिहूनही नाहीच म्हणा.

आज इथे दोन गोष्टी व्हायच्या आहेत. चष्म्याची भिंगं आता कारखान्यातून कापून येतात, म्हणून ताई दुकान बंद करून बहिणीकडे राहायला चाललीय, तिला निरोप. आणि तिच्या दुकानामागे इतकी वर्षं चाललेला नेमबाजीचा वर्ग याच इमारतीच्या गोदामात यायचाय, आणि तो यापुढे मी चालवायचाय. त्या गोदामाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात आहे, आणि माझं भाषण झालं की ती मला द्यायची असं ठरलंय. ठरलंय म्हणजे, आत्तापर्यंत तरी.

नववीत मी शाळा सोडली. की शाळेनं मला सोडलं, यावर घरात अजून एकमत नाही. मग गादीच्या कारखान्यात कापूस भरला, नदीवरच्या होडीची तिकिटं फाडली, एका टेम्पोत सामानाबरोबर बसून अर्धा देश झोपेत बघितला. असंच एकदा बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपले आणि चष्म्याची काडी मोडली. ज्या गावी उतरले ते हे गाव. स्टँडवर विचारलं, तर एकानं बोट दाखवलं, त्या कोपऱ्यावर भिंगताई बसते.

तिथे दुपार होती. म्हणजे दुपार सगळीकडेच होती, पण त्या दुकानात ती जरा जास्त वेळ थांबलेली होती. ताई दगडाच्या चाकावर भिंग घासत होती. चाकावर थेंबथेंब पाणी पडत होतं आणि तिच्या बोटांत काचेचा तो गोल तुकडा हळूहळू पाण्यासारखाच होत चालला होता. मला वाटलं, ही बाई आता पाण्यातूनच बघायला शिकवणार. तेवढ्यात मागून आवाज आला. टप्. जरा वेळानं पुन्हा, टप्.

मी विचारलं, “मागे काही गळतंय का?”

ती मान वर न करता म्हणाली, “गळत नाही. लागतंय.”

मागे लांबट बोळ होता. त्याच्या टोकाला जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली लोखंडी पेटी, तिच्यावर कागद, आणि अलीकडे एअर रायफल घेऊन उभा असलेला आपला टपालवाला, गणवेशासकट. नेमबाजीला दहा मीटर लागतात. बोळ हातभर कमी होता. म्हणून नेम धरणाऱ्याचा मागचा पाय स्वयंपाकघरात असायचा. मी कितीतरी गोळ्या एका कानानं उतू जाणाऱ्या दुधाचा अंदाज घेत मारल्यात. पुढे अंतर बरोबर, मागे गॅस बंद.

तरुण मंडळी येऊन विचारतात, या खेळाला किती खर्च येतो? मीही विचारलं होतं. ताई म्हणाली, “डोळा आहे ना? एक पुरे.” रायफल एक, माणसं सहा. जाकीट विकत घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. मी गादीच्या कारखान्यातल्या ओळखीवर जाड कापडाचे तुकडे आणले आणि ताईनं ते जुन्या कोटाला आतून शिवले. तो कोट घातला की माणूस उभ्यानं निजल्यासारखा दिसायचा. दुसरा डोळा मिटून दमू नये म्हणून चष्म्याच्या एका भिंगावर पांढरा कागद. लक्ष्याचे कागद चष्म्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे. बाटलीचं झाकण ठेवून गोल काढायचा, शाई भरायची, आतली वर्तुळं कंपासनं, मधल्याला दहा गुण, बाहेर जाल तसे कमी. माझी वर्तुळं वाटाण्यासारखी व्हायची. ताई म्हणायची, राहू दे, वाटाण्यालाही मध्य असतो.

आणि छर्रे? पहिला महिना एकही नाही.

पहिला महिना फक्त भिंत. पांढरी, कोरी. रायफल रिकामी आहे हे दोघींनी बघायचं, मग तिथे उभं राहून त्या भिंतीवर नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि घोडा ओढायचा. काहीच व्हायचं नाही. पण तुम्ही कधी रिकाम्या भिंतीवर नेम धरलाय का? थोड्या वेळानं भिंत मागे सरकते. तिथे धुकं येतं, धुक्यात रस्ते येतात. मी तर त्या भिंतीत एकदा नदी बघितली, होडीसकट, आणि तिकीट फाडायला हात पुढे केला. ताई म्हणाली, “आलीस का परत? आता पुन्हा.” ती कधी रागावली नाही. जाऊ द्यायची आणि यायची वाट बघायची.

दुसऱ्या महिन्यापासून रोज पाच छर्रे, भिंगाच्या डबीत मोजून. आणि एकच नियम. गोळी सुटली की दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. आधी ताई म्हणायची, “बोल.” मग आपण सांगायचं, कुठे लागली. “आठ, डावीकडे.” “सहा, खाली.” आणि मगच बघायचं. गोळी सुटताना हातानं काय केलं हे आपल्याला आतून ठाऊक असतंच, फक्त ऐकून घ्यायची तयारी लागते, असं तिचं म्हणणं. चार लागले आणि तुम्ही चार म्हणालात, तर ती खूश. दहा लागले आणि तुम्ही नऊ म्हणालात, तर ती गोळी तिच्या वहीत नाही. टपालवाले काका म्हणायचे, अगं, दहा लागलेत, घे की पदरात. ती म्हणायची, लागले असतील, मारले नाहीत.

असो. कुठे होते मी?

हां. माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही अगदी हळहळून सांगितलं की तीन वर्षांपूर्वी ताईची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली होती. तिथे चांगली रायफल, हवे तेवढे छर्रे, मोठे प्रशिक्षक, सगळं फुकट. वयाच्या पंचेचाळिशीत चालून आलेली संधी, आणि घरच्या अडचणीमुळे हुकली. मग आपल्या पाहुण्या बोलल्या. यादीत त्यांचं नाव ताईच्या खाली होतं, म्हणून ती जागा त्यांना मिळाली. आज त्या देशाकडून खेळतात, आणि तरी म्हणाल्या, प्रत्येक पदक घेताना वाटतं, हे कुणाच्या तरी अडचणीतून आलंय.

मला एक विचारायचंय. कसली घरची अडचण? त्या घरात ताई आणि एक मांजर. मांजराला कसली अडचण? पण आपण कुणीच विचारलं नाही. बाईनं लिहिलं घरची अडचण, की आपण मान हलवतो.

अध्यक्षसाहेब, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. शाळेचं मोठं सभागृह, वर काचेची झडप, तिच्यातून उन्हाचा तिरपा पट्टा खाली आलेला. ताई संयोजकांची उसनी रायफल घेऊन चौथ्या जागेवर, मी वर्गाची रायफल घेऊन तिच्या शेजारी पाचव्या. शेवटचा कागद, दहा गोळ्या. माझ्या नऊ झाल्या होत्या आणि काही भल्या नव्हत्या. दहाव्यासाठी मी रायफल उचलली, आणि त्या उन्हात धूळ तरंगताना दिसली. इतकी सावकाश, की जणू कुणी खाली उतरायची घाई करू नका म्हणून सांगितलं होतं. नेमाच्या कड्यातून मी बघत होते, आणि ते काळं वर्तुळ हळूच बाजूला गेलं आणि दुसरं आलं, तसंच काळं, तसंच गोल, पण जास्त स्थिर. श्वास आपोआप थांबला. हात कुणाचा तरी दुसऱ्याचा होता. गोळी मी सोडली नाही, ती सुटली. इतकं शांत मला आयुष्यात कधी वाटलं नाही. मी मनात म्हणाले, दहा, मधोमध. आणि ते बरोबर होतं.

फक्त कागद ताईचा होता.

शेजारच्याच्या कागदावर गोळी मारणं हे नेमबाजीतलं सगळ्यात हास्यास्पद पाप. मारणाऱ्याला शून्य. ते ठीकच. पण आता ताईच्या कागदावर अकरा छिद्रं होती, आणि त्यातलं एक काढायचं होतं. कुठलं? तुम्ही मला निकालाच्या खोलीत बोलावलंत. ताई तोवर कोट काढायला बाहेर गेली होती. नऊ छिद्रं आठ-नऊच्या घरात. एक मधोमध दहा. आणि एक उजवीकडे खाली, सहावर. ते माझ्या आधी काही क्षण सुटलेलं, ताईचं शेवटचं. मला ठाऊक होतं.

तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, “तुझी कुठली गं?”

मी म्हणाले, “सहा.”

तुम्ही हसलात. म्हणालात, वाटलंच. आणि सहा खोडून दहा ठेवलेत. त्या चार गुणांनी ताईचं नाव यादीत वर गेलं. तुमचं काही चुकलं नाही, साहेब. माझ्याकडे बघून कुणीही तेच मानलं असतं.

परतीच्या बसमध्ये मी खूश होते. वाटलं, ज्या बाईनं मला पाच-पाच छर्रे देऊन माणसात आणलं, तिला मी एक अख्खं शिबिर दिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती. शेतं मागे पळत होती, आणि तिच्या चष्म्यात उलटी पळत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, “माझी शेवटची सहा होती. तुझी बोल.”

मी बोलले. दोन थांबे गेले. मग तिनं माझ्या मांडीवरची रायफलची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली, बस्स.

दुसऱ्या दिवशी तिनं पत्र लिहिलं आणि पाकीट चिकटवण्याआधी मला वाचायला दिलं. एकच ओळ. घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही. मी रडायला लागले. म्हटलं, ताई, खरं काय ते लिहा ना.

ती म्हणाली, “खरं लिहायचं तर तुझं लिहावं लागेल. ज्याची गोळी त्यानं सांगायची. दुसऱ्यानं सांगून चालत नाही.”

“आणि मी सांगितलंच नाही तर?”

“तर नाही सांगितलंस.”

मंडळी, जी बाई चुकून लागलेले दहा वहीत घेत नाही, तिनं आयुष्यात एकच खोटं लिहिलं, तेही माझ्यासाठी. त्यानंतर तीन वर्षं रोज संध्याकाळी मी त्या बोळात उभी राहिले. तिनं तो विषय काढला नाही. मला कितीदा वाटलं, बोलावं. पण मग मागे दूध उतू जायचं, कुणीतरी दार वाजवायचं, मी पुन्हा भिंतीतल्या नदीकडे बघत बसायचे. उद्या ती जाणार. उद्यानंतर मी हे कुणाला सांगणार, मांजराला? तेही ती घेऊन चाललीय.

ताई, खाली बघू नका. मी विचारून बोलत नाहीये, हे खरं. पण गोळी माझी आहे.

पाहुण्या बाई, तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. ती जागा कुणाच्या अडचणीतून आली नाही. गुण नीट मोजले असते तर यादीत वर तुमचंच नाव होतं. तुमची पदकं तुमची आहेत. आज घरी गेल्यावर ती पुन्हा एकदा गळ्यात घालून बघा, हलकी लागतील.

आणि अध्यक्षसाहेब, त्या कागदावर दुरुस्ती होऊ दे. सहा भिंगताईची. दहा माझे, म्हणजे शून्य. पंचांपुढे खोटं बोलणाऱ्याला नियमात काय आहे ते मी वाचलंय. वर्गात नवी मुलं येतील, त्यांना गोळी कुठे लागली ते खरं सांगायला कुणीतरी शिकवायला हवं. ते मी शिकवावं की नाही, हे तुम्ही आणि समितीनं ठरवा. किल्ली आज खिशातच राहू द्या. टपालवाले काका गोदाम उघडतील तेव्हा भिंतीला पांढरा रंग द्यायला मी येईन, ती परवानगी तेवढी असावी.

बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. खुर्च्या लावणाऱ्यांचे, माईक धरून ठेवणाऱ्याचे, आणि घड्याळ कधीच पालथं घालून ठेवलेल्या सूत्रसंचालकांचे विशेष आभार. भाषणाच्या शेवटी, काही चुकलं असेल तर माफ करा, असं म्हणायची रीत आहे. मीही कागदावर तसंच लिहून आणलं होतं. आता त्यातलं ‘असेल तर’ तेवढं खोडते.

चुकलं. माफ करा.