सखूआजीची ड्युटी

आमच्या वृद्धाश्रमात एक सर आले होते बरं का, आम्हा सेविकांना शिकवायला. म्हणाले, "दुसऱ्यांना सांभाळता, तसं स्वतःलाही सांभाळा. डोळे मिटून पाच मिनिटं शांत बसा." आम्ही सहाजणी बसलो, अन् बसल्या जागी झोपलो.

मला जाग आली ती सखूआजीच्या आवाजानं. ही कन्नड गावची आजी मला दिवसभर हाका मारून भंडावून सोडते. बघते तर काठी आडवी धरून सरांपुढं उभी.

"आजी, उठवू द्या त्यांना. अजून शिकवायचं राहिलंय," सर म्हणाले.

"राहू द्या. लेकरं लई दमलीत. तुम्हाला काय लागलं तर मला सांगा."

मी परत डोळे मिटले. आजीच ड्युटीवर आहे म्हटल्यावर मी कशाला उठते?